वीस माणसं घेतो

आमच्या कारखान्यात 'माणूस' हे वजन आहे. किलो, टन वगैरे वर ऑफिसात. खाली पॅकिंगच्या हॉलमध्ये माल माणसांत मोजतात. एका हमालाच्या खांद्यावर एका खेपेला जेवढं राहतं, तो एक माणूस. मोठ्या बरण्यांची दोन खोकी म्हणजे एक माणूस, बाटल्यांची असली तर तीन. ट्रक भरला की मुकादम खालून ओरडायचे, "दोनशे माणसं गेली," आणि ऑफिसात नवा कारकून असला तर तो दचकून खिडकीतून खाली बघायचा. मग हॉलभर हसू. ही बोलायची रीत कुणी सुरू केली देव जाणे, पण तिनंच आमचा घात केला. घात करणारी माणसं वेगळी होती, पण रीत त्यांना आयती सापडली.

मी लेबलं लावते. माल जिथून बाहेर जातो त्या टोकाला माझं टेबल आहे. प्रत्येक खोक्यावर दोन लेबलं लावायची. एक बाणाचं, वरची बाजू दाखवणारं. दुसरं लाल, 'काच आहे, जपून हाताळा'. इतकी वर्षं लावतेय, पण ते वाचून कुणी काही जपून हाताळलेलं मी पाहिलं नाही. बसून काम असल्यामुळे हाताबरोबर माझं तोंडही चालतं. "बाईंचा पट्टा सुटला," असं हमाल म्हणायचे. खरा पट्टा येईपर्यंत कारखान्यात तो एकच पट्टा होता.

मुकादम म्हणजे माझे व्याही. माझी एकुलती एक लेक त्यांच्या मुलाला दिलीय. कामावर आम्ही दोघं नोकरच, पण मुलाकडचे असल्याचा तोरा ते डब्याबरोबर रोज घरून घेऊन यायचे. "विहीणबाई, लेबल तिरपं लागलंय," हे सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणायचे. मुलीच्या आईनं मान खाली घालून बोलावं, असं त्यांचं मत. लेबलं लावताना माझी मान खालीच असते, त्यामुळे त्यांचं परस्पर समाधान व्हायचं. कारखान्याच्या आवारात त्यांना दोन खोल्या मिळालेल्या होत्या. त्यातल्या एकीत माझी लेक आणि जावई राहायचे.

जावई मात्र लाख माणूस. बापाचं काही घेतलं नाही त्यानं, उंची सोडली तर. तो एका दवाखान्यात लिफ्ट चालवायचा. माणसं वर न्यायची, खाली आणायची. पक्की नोकरी, डोक्यावर पंखा, बसायला स्टूल. त्याच्या बापाला मात्र ते काम डोळ्यांत खुपायचं. "दिवसभर पेटीत उभा राहतो," म्हणायचे, "अंगाला घाम नाही. हे काय पुरुषाचं काम आहे?"

तर एक दिवस मालक एका साहेबाला घेऊन हॉलमध्ये आले. आमचे मालक कधी आवाज चढवत नाहीत. सगळ्यांना अहोजाहो करतात, बोलता बोलता चष्मा काढून पुसतात. ते चष्मा पुसायला लागले की समजावं, कुणाचं तरी काहीतरी जाणार आहे. आलेला साहेब कन्व्हेयर विकणाऱ्या कंपनीचा इंजिनियर होता. पट्टा विकायला आला म्हणून मी त्याला पट्टेवाला म्हणाले, तर त्याला राग आला. "पट्टेवाला म्हणजे शिपाई हो बाई," म्हणाला. मग आम्ही त्याला 'पट्टेवाले साहेब' म्हणायला लागलो. साहेब शब्द लागला, की राग जातो.

मालक त्याला म्हणाले, "आमच्या लोकांना फायदे सांगा. पण त्यांच्या भाषेत सांगा."

साहेब उलट्या खोक्यावर उभा राहिला आणि त्यानं फायदे सांगितले. खोकं इथे ठेवलं की थेट बाहेर ट्रकच्या तोंडाशी. मध्ये कुणी घसरत नाही, म्हणून काच फुटत नाही. ट्रक ताटकळत नाही, म्हणून गिऱ्हाईक कुरकुरत नाही. वेग सकाळी जो तोच संध्याकाळी, पट्ट्याला दम लागत नाही. पाठ धरत नाही, मणके सरकत नाहीत. हे ऐकून हमाल एकमेकांकडे बघायला लागले. त्यांच्यात एकाचीही पाठ धड नव्हती. एक काडीसारखा वाळका हमाल होता, त्याला सगळे हत्ती म्हणायचे. तो म्हणाला, "साहेब, मग हे आधी का नाही आणलं?"

मुकादम पुढे झाले. सगळ्यांच्या वतीनं बोलायची त्यांना हौस. "ते सगळं झालं," म्हणाले. "पण हा पट्टा घेतो किती?"

साहेबानं मालकांकडे बघितलं. आमची भाषा त्यानं सकाळीच शिकून घेतली होती. "वीस माणसं घेतो," तो म्हणाला.

"वीस?"

"वीस म्हणजे वीस. एका वेळी."

"आणि कायम?"

"कायम. दिवसपाळी, रातपाळी, पाऊस असो, काही असो. खाली एक बटणवाला बसला की झालं. वीस माणसांना पट्टा कधी नाही म्हणणार नाही."

हॉलमध्ये टाळ्या सुरू झाल्या. हत्तीनं तर शिट्टी मारली. मशीन येणार म्हटल्यावर गेले कित्येक दिवस ते काम जाणार म्हणून धास्तावले होते. आणि इथे तर पट्टा वीस माणसं घेणार, कायम घेणार, आणि पाठही धरणार नाही. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन. टाळ्या मीही वाजवल्या, ते कशाला लपवू. मुकादम बोटांवर मोजत होते. स्वतःला धरून त्यांची टोळी एकोणीस जणांची.

"मालक," ते म्हणाले, "आमच्यात एक कमी पडतोय. माझा मुलगा आणला तर चालेल?"

मालकांनी चष्मा काढला आणि तो पुसता पुसता ते फार गोड हसले. "आणा की," म्हणाले. "पट्टा लावायला हात लागतीलच."

त्या दिवसापासून व्याह्यांनी मुलाचं डोकं खाल्लं. माझी लेक नको म्हणत होती. मीही एकदा बोलून बघितलं, "अहो व्याही, लिफ्टची नोकरी पक्की आहे. इथलं आधी उभं तर राहू द्या." त्यावर ते म्हणाले, "विहीणबाई, लेबलं लावणं वेगळं आणि माणसं लावणं वेगळं." जावयानं बापाचा शब्द कधी मोडला नव्हता. लिफ्ट सोडली आणि खांद्यावर गोणपाटाची घडी टाकून तो हॉलमध्ये आला. दुसऱ्याच आठवड्यात लिफ्टवर दुसरा माणूस बसला.

पट्टा आला तो तुकड्यांत. लोखंडी पाय, रूळ, मोटर, रबराची गुंडाळी. ते सगळं त्या वीस जणांनी ट्रकमधून खांद्यावर वाहून आत आणलं. भिंत फोडायची होती, पट्टा जिथून बाहेर जाणार तिथे. ती त्यांनीच फोडली, सुट्टीच्या दिवशी येऊन, आणि वर कुणी काही मागितलं नाही. "आपलंच काम आहे," असं म्हणत होते. हत्तीनं पायांना रंग दिला. माझा जावई संध्याकाळी घरी जाताना रुळांवर हात फिरवून जायचा, सगळे सारखे फिरतात का बघायला. आपल्या सरणाची लाकडं फोडणारा माणूस मी ऐकला नव्हता, पण इथे वीस जण होते आणि हसत होते.

माझ्या टेबलाला लागूनच पट्ट्याचा डबा बसवला, बटणांचा. एक हिरवं बटण, एक लाल. त्या दिवशी मालक आणि साहेब माझ्या डोक्यावर उभे राहून बोलत होते.

साहेब म्हणाला, "तुमच्या लोकांचा काहीतरी गैरसमज झालाय. मी मालाचं वजन सांगितलं. ते भरती समजतायत."

"झालाय खरा," मालक म्हणाले. "तुम्ही खोटं बोललात का?"

"नाही."

"मीही नाही. भिंत किती छान फोडलीय बघा. कंत्राटदारानं अशी फोडली असती?"

"पण त्यांना सांगायला हवं."

"सांगू की. सगळं बसून होऊ दे." मग त्यांनी खाली माझ्याकडे बघितलं, जसं एखाद्या खोक्यावरचं लेबल नीट आहे का बघावं तसं. "बाई, मुकादम तुमचे व्याही ना? लेबलांचं काम तुमचं आहे तसंच राहणार हां. लेबलं काही पट्टा लावत नाही."

ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये म्हणतात. मालक मुळासकट खात होते आणि वर चोथाही चघळत होते. माझ्या हातातलं लेबल माझ्याच बोटाला चिकटून बसलं.

दुपारी हात धुवायच्या नळावर मी व्याह्यांना गाठलं आणि ऐकलेलं सगळं सांगितलं. ते खो खो हसले. "उचलली जीभ लावली टाळ्याला," म्हणाले. "वजनातलं बायकांना काय कळतं?"

"वजनातलंच सांगतेय. वीस माणसं म्हणजे चाळीस खोकी. तुम्ही रोज ओरडता ना, दोनशे माणसं गेली म्हणून? ती काय माणसं असतात?"

तोंड धुता धुता ते थांबले. पाणी तसंच हनुवटीवरून गळत होतं. त्या वेळी मला त्यांची दया आली होती, एवढं त्यांच्या वाट्याचं मी मान्य करते. मग ते तसेच वर ऑफिसात गेले.

बऱ्याच वेळानं खाली आले तेव्हा काखेत कागदात बांधलेलं काहीतरी होतं. मी विचारलं, "काय म्हणाले मालक?"

"सगळं ठीक आहे," ते म्हणाले. "तुम्ही लेबलं लावा."

टोळीला त्यांनी एक शब्द सांगितला नाही. उलट संध्याकाळपर्यंत सगळ्यांना घाई करत होते, हे आवळा, ते पुसा. मला वाटलं, मिटवलं असेल काहीतरी. मालकांशी बोलून निम्मे तरी वाचवले असतील. शेवटी इतकी वर्षं ज्यांच्या खांद्यांवर मुकादमकी केली, त्यांच्यासाठी माणूस एवढं तर बोलेल.

खरं काय ते पट्टेवाल्या साहेबानं सांगितलं. चाचणीच्या दिवशी सकाळी तो बटणांचा डबा उघडून तारा बघत होता. जीव वाईट नव्हता त्याचा, फक्त पगारी होता. मी सहज विचारलं, बटणावर कोण बसणार.

"मुकादम," तो म्हणाला. "मालकांनी त्यांना विचारलं, एकच जागा आहे, तुम्ही बसता की मुलाला बसवता. ते म्हणाले, मुलगा तरुण आहे, त्याला कुठेही मिळेल."

त्याला कुठेही मिळत होतं, मिळालेलं होतं, पंखा आणि स्टुलासकट. ते सोडायला लावलं कुणी? आणि आता एक जागा वाचली, तर ती बापानं स्वतःखाली घेतली. मला व्याह्यांचा राग पहिल्या दिवसापासून होता, पण तो आतापर्यंत लोणच्यासारखा तोंडी लावण्यापुरता होता. त्या सकाळी तो पोटभर झाला.

तेवढ्यात जावई आला, जेवणाचा डबा ठेवायला. मी विचारलं, "जावईबापू, लिफ्टवर जो नवा बसलाय, तो टिकेल का?"

"टिकेल की. चांगला आहे तो," तो हसून म्हणाला. "का हो आई?"

"काही नाही."

सांगायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. काय सांगणार? त्याच्या बापाबद्दल सासूनं सांगायचं आणि त्यानं ऐकायचं, असं कुठल्या घरात झालंय? आणि ऐकलं असतं तरी करणार काय होता?

मग व्याही आले. कागदातलं ते उघडून अंगावर चढलं होतं, राखी रंगाचा नवा कोरा गणवेश, खिशावर कारखान्याचं नाव. पायात पॉलिश केलेले बूट. माझ्या शेजारी बटणांच्या डब्यापाशी येऊन उभे राहिले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "विहीणबाई, टेबल जरा सरकवा."

मी टेबल सरकवलं.

चाचणीसाठी वाळूची पोती यायची होती. पट्ट्यावर पूर्ण भार घालून तो चालवून दाखवल्याशिवाय साहेब सही करणार नव्हता. पोती आलीच नाहीत. मालक म्हणाले, "वाळू कशाला हवी? वीस माणसं घेतो म्हणालात. माणसं आहेत की."

साहेब गोंधळला. "माणसांना पट्ट्यावर बसवत नाहीत. नियम आहे."

"एकदाच. हळू चालवा. वजन तेवढंच भरेल, बघा." आणि भरतही होतं. आमच्या हमालांच्या अंगात त्यांच्या ओझ्याहून फार जास्त असं काही नव्हतंच.

टोळीला तो मान वाटला. पट्टा आपल्याला घेणार म्हणाला होता, तो आता खरोखरच घेतोय, अशी चेष्टा सुरू झाली. चपला काढून ते पट्ट्यावर चढले. नव्या कोऱ्या रबराला चपलेची माती कशी लावायची? एकामागे एक, गुडघे पोटाशी घेऊन, खोक्यांसारखेच रांगेनं बसले. हत्ती सगळ्यात पुढे. "बाई," तो ओरडला, "लेबल लावा की आम्हाला. नाहीतर उलटे ठेवतील." सगळे हसले. मी उठले आणि एकेकाच्या पाठीवर लाल लेबल लावत गेले. 'काच आहे, जपून हाताळा'. त्यांना गुदगुल्या होत होत्या. जावई सगळ्यात मागे होता. त्याच्या पाठीवर मी लेबल दोनदा चेपून बसवलं.

साहेब मोजत आला. "एकोणीस. एक कमी आहे. चालेल, करतो सही."

व्याह्यांनी हिरव्या बटणावर बोट ठेवलं. नखं कापून आले होते. माझ्या टेबलावर त्यांच्या नव्या गणवेशाचा वास येत होता, आणि समोर माझ्या लेकीचा नवरा गुडघ्यांना मिठी मारून बापाकडे बघून हसत होता. पहिल्यांदा सायकलवर बसवलेलं पोर हसतं तसं.

"साहेब," मी म्हणाले, "तुम्ही वीस सांगितलं होतंत."

साहेबानं माझ्याकडे बघितलं.

"वीस म्हणजे वीस, असं म्हणालात. हॉलसमोर. एकोणिसावर सही केलीत आणि उद्या पट्टा तुटला तर?"

साहेबाचा चेहरा बदलला. सही त्याची होती. "तसं बरोबर आहे त्यांचं," तो मालकांना म्हणाला. "पूर्ण भार हवा."

मालकांनी हॉलभर नजर फिरवली. हॉलमध्ये ते, साहेब, मी आणि मुकादम एवढेच खाली होतो. त्यांनी चष्मा काढला.

"मुकादम," ते म्हणाले, "बसा बरं तुम्ही पण."

"मी? मालक, मी बटणावर..."

"बटण काय, बाई दाबतील. टेबलाला लागूनच तर आहे." आणि मग चष्म्याची काच उजेडाकडे धरून, स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "हे आधी सुचलं नाही. लेबलं लावता लावता होण्यासारखं आहे."

व्याह्यांना कळलं. टोळीत बाकी कुणाला काही कळलेलं नव्हतं, पण त्यांना कळलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांची मान खाली होती आणि माझी वर. मला आनंद झाला. अगदी मनापासून झाला, खोटं कशाला बोलू? ते काहीतरी बोलतील, ओरडतील, टोळीला खाली उतरवतील असं वाटलं. पण ओरडायचं तर काय ओरडणार होते? मला एकट्याला ठेवणार होते, ते आता मोडतायत, असं? त्यांनी वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या. मुलानं सरकून त्यांना शेजारी जागा करून दिली. "या बाबा," तो म्हणाला. मी त्यांच्याही पाठीवर लेबल लावलं. नव्या कापडावर ते छान बसलं.

"बाई," मालक म्हणाले.

मी हिरवं बटण दाबलं. पट्टा जराही कुरकुरला नाही. वीस माणसं घेऊन, एका वेगानं, कुणाला धक्का न लावता तो सरकला. ते आरडाओरडा करत होते, हात हलवत होते. भिंतीतल्या भोकाला रबराच्या झालरी लावल्या होत्या, त्यांतून हत्ती गेला, मग एकेक जण डोकं वाकवून गेला. लाल बटण माझ्या अंगठ्यापासून वीतभर लांब होतं. जावई जाताना मागे वळला आणि मला म्हणाला, "आई, लिफ्टपेक्षा भारी आहे हे." मग तो गेला आणि त्याच्याबरोबर राखी पाठ गेली.

पट्टा जिथे संपतो तो ओटा कुंपणाच्या बाहेर, रस्त्यावर आहे. तिथे कारकून उभा होता. त्यानं सांगितलं की उद्यापासून यायचं नाही, खोल्याही रिकाम्या करायच्या. आत मालकांनी हॉलचा मोठा दरवाजा खाली ओढायला लावला होता. बाहेरून आधी हसू ऐकू येत होतं, मग ते थांबलं. मग कुणीतरी पत्र्यावर हाताच्या थापा मारायला लागलं. सुंठीवाचून खोकला गेला. धक्काबुक्की नाही, घोषणा नाही, आपल्या पायांनी चढले आणि पट्ट्यानं उतरवले.

साहेबानं सही केली. "उलटा फिरत नाही का हो हा?" मी त्याला विचारलं.

"उलटा कशाला फिरेल बाई?" तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "माल परत येत नाही, हाच तर फायदा आहे."

हॉलमध्ये त्यांच्या चपला पडल्या होत्या, भिंतीशी डबे होते. मालक म्हणाले, "एवढं पाठवून द्या बाई. अनवाणी जातील बिचारे." मी चपला उचलून पट्ट्यावर ठेवल्या, जोडीनं, डबे नीट उभे ठेवले, बाणाचं लेबल असल्यासारखे. माझ्या जावयाच्या चपला मला ओळखू आल्या. अंगठा तुटला तेव्हा लेकीनं निळ्या दोऱ्यानं शिवला होता. व्याह्यांचे बूट सगळ्यात शेवटी ठेवले. मग पुन्हा हिरवं दाबलं. थापा थांबल्या.

आता व्याही माझ्याकडे राहतात. जाणार कुठे? माझी एक खोली, तिच्यात आम्ही चौघं. जेवायला अजूनही सगळ्यांच्या आधी बसतात, पण ताटाकडे बघून जेवतात. मीठ हवं असलं तरी मागत नाहीत. जावई काम शोधतोय. जिथे जातो तिथे म्हणतात, तू तर चांगली पक्की नोकरी सोडून गेला होतास. रोज संध्याकाळी तो निळ्या दोऱ्याची चप्पल दाराबाहेर काढतो आणि आत येतो. लेकीनं मला एकदाच विचारलं, "आई, बटण कुणी दाबलं?" मी म्हणाले, मी. ती पोळपाटावर ओणवी होती, तशीच लाटत राहिली. माझ्या पगारावर घर चालतं, त्यामुळे ती मला ताट वाढते. आई म्हणत नाही.

पट्टा चांगला आहे, त्याला नावं ठेवायला जागा नाही. काच फुटत नाही, ट्रक ताटकळत नाही. कंपनीवाले दुसऱ्या कारखान्यांच्या लोकांना बघायला घेऊन येतात आणि मालक मला सांगतात, "बाई, तुम्हीच सांगा फायदे." मी सांगते. मला तोंडपाठ झालेत. तोंडाचा पट्टा आधीपासूनच होता, आता त्याला काम मिळालंय.

परवा असेच एक मालक आले होते. बरोबर त्यांचा मुकादम होता, वयस्कर, खांद्यावर गोणपाटाची घडी. मालक मंडळी मोटर बघायला पुढे गेली तसा तो माझ्या टेबलापाशी रेंगाळला. इकडे तिकडे बघून हळूच म्हणाला, "बाई, खरं सांगा हां. आपल्यातलं म्हणून विचारतो. हा पट्टा घेतो किती?"

"वीस माणसं," मी म्हणाले.

त्याचा चेहरा एकदम उजळला. "वीस? आमच्याकडे सोळाच आहेत."

त्यांच्याकडेही माल माणसांतच मोजतात की काय, कोण जाणे. त्यानं 'घेतो' एवढंच ऐकलं असेल. मी तोंड उघडलं. तिकडे मोटरपाशी आमच्या मालकांनी चष्मा काढला होता आणि रुमालानं पुसत ते माझ्याकडे बघत होते. माझ्या डोळ्यांपुढे आमची खोली आली, चार ताटं आली.

"मग चार बघून ठेवा," मी त्याला सांगितलं आणि हिरवं बटण दाबलं.